पुलावरचा रेडा

“राजी, परत मुळं उपटायला लागलीस? जैनाची पोर तू, घरात कांदा चालत नाही, बटाटा चालत नाही, आणि इथं बसून राक्षसांच्या राज्यातली मुळं खणतेस. सांगू का घरी?”

“सांग,” राजमती चौगुले स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली. “तू परत मेलास वाटतं.”

मी मेलो होतो. म्हणूनच मला तिची चेष्टा सुचली होती.

ही गोष्ट इचलकरंजीतली, पोपटच्या कॅफेतली. सहा कॉम्प्युटर, दोन पंखे, आणि भिंतीवर पोपटच्याच मंडळाचं कॅलेंडर. कॅफे पोपटचा, मंडळाचा अध्यक्षही पोपटच. दोन्हीकडं तो सारखाच निरुपयोगी. कुठल्याशा परदेशी गेमची कॉपी त्यानं पुण्याहून आणली होती. तिचं नाव त्यालाही धड उच्चारता येत नव्हतं. जंगलं, गढ्या, जादूगार, उडणारे साप. एक माणूस घ्यायचा, त्याला तलवार नाहीतर मंत्र शिकवायचे आणि मारत मारत पुढं जायचं.

गेमला अवघडपणाच्या चार लेव्हल होत्या. पहिल्या लेव्हलला राक्षस येऊन तुमच्यापुढं मान खाली घालायचा. कॅफेतले सगळे शूर तिथंच खेळायचे. राक्षसाचे हातपाय आधीच बांधलेले, आणि हे त्याच्या टाळक्यात तलवार घालून एकमेकांना टाळ्या द्यायचे. चौथी लेव्हल मात्र लेव्हल होती. एकच जीव. मेलात की आजवरचं सगळं पुसलं जायचं, पुन्हा पहिल्यापासून. आणि ती थांबवता यायची नाही. पाणी प्यायला हात उचलला तर तेवढ्यात कोणीतरी मुंडकं उडवायचा. अख्ख्या गावात चौथी लेव्हल खेळणारा मी एकटा, असं मी सांगायचो. खोटंही नव्हतं.

पण पुलाशी मीसुद्धा मरायचो. दरीवर एक दगडी पूल होता आणि त्याच्यावर शिंगांचं शिरस्त्राण घातलेला, दोन पुरुष उंचीचा एक पहारेकरी. आम्ही त्याला रेडा म्हणायचो. चौथ्या लेव्हलला त्याचा एक घाव पुरे असायचा.

राजी पहिल्या लेव्हलला खेळायची. तेही मारामारी नाही. ओढ्याकाठी फिरायची, पानं तोडायची, मुळं खणायची, कढईत घालून त्यांचा काढा करायची. एक अख्खी दुपार तिनं एका डोंगरावर बसून सूर्य मावळताना बघितला होता. मी तिच्या मागं उभा राहून पोटभर हसलो होतो.

“अगं, हा युद्धाचा गेम आहे.”

“असं कुठं लिहिलंय?”

“तलवार दिलीय की तुला.”

“सुरीपण दिलीय.”

अशा माणसाशी काय बोलणार?

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि नऊ वर्षं मागावर काढली होती. अण्णांच्या शेडमध्ये आठ माग सांभाळायचो. अण्णा म्हणजे आमचे मालक, नगरसेवक, आणि गावातल्या निम्म्या फलकांवरचा हात जोडलेला फोटो. आठ माग एका वेळी डोळ्यांनी बघता येत नाहीत. ते कानानं बघायचे असतात. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडं आपटतो त्याचा एक ठेका असतो. आठांतल्या एकाचं सूत तुटलं की ठेका चुकतो, आणि पाठ करून उभा असलो तरी मला कळायचं की चौथ्याचं गेलं. पोपटचा हेडफोन एका कानाचा होता, पण त्या एका कानातनंही मी रेडा ऐकला होता. घाव घालायच्या आधी तो श्वास घ्यायचा. पूर्ण नाही, अर्धाच. बाकीचे त्याची कुऱ्हाड बघायचे आणि मरायचे. मी त्याचा श्वास ऐकायचो, बाजूला व्हायचो आणि घाव घालायचो. पंचवीस श्वास ऐकले की रेडा खलास, असा माझा हिशेब होता. माझी मजल सतरापर्यंत गेली होती.

हा कान फार दिवस टिकणार नाही हे मला माहीत होतं. माझे वडील त्याच शेडमध्ये होते आणि चाळिशीत ठार बहिरे झाले होते. घरात आम्ही भांडल्यासारखे ओरडून जेवायचो. बहिरे झाल्यावरही त्यांची एक गोष्ट सुटली नव्हती. अण्णांची बुलेट शेडच्या दारात आली की ते उठून उभे राहायचे आणि हात जोडायचे. ऐकू काहीच यायचं नाही, पण उठायचे. जमिनीतून हादरा कळतो म्हणे. अण्णा त्यांच्याकडं न बघता पुढं निघून जायचे आणि वडील पाठमोऱ्या माणसाला नमस्कार करत उभे राहायचे. मला त्या माणसाची किळस यायची. आपल्या बापाची किळस येते म्हणून सांगायला लाज वाटते खरी, पण यायची. खंडेनवमीला अण्णा मागाची पूजा करायला यायचे तेव्हा मी मुद्दाम मुतारीत जाऊन बसायचो.

“इराप्पा, अण्णांच्या पाया पडला न्हाईस,” वडील ओरडायचे.

“पडतो की, म्हाताऱ्या, ते मेल्यावर,” मी नेहमीच्या आवाजात म्हणायचो. त्यांना ऐकू जायचं नाही. माझं सगळं शौर्य हे असं.

त्या साली मंडळाला पंचवीस वर्षं झाली. पोपटला काहीतरी नवीन करायची हौस आली. रांगोळी झाली होती, संगीत खुर्ची झाली होती, म्हणून त्यानं व्हिडिओ गेमची स्पर्धा काढली. त्याच्या दाजीच्या ओळखीनं पुण्याहून निनाद दामले नावाचा परीक्षक आला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो कॅफेत बसून आमचं खेळणं बघत होता. बारीक चणीचा, चष्मेवाला, चहा नको म्हणणारा. गेम बाजारात यायच्या आधी तो खेळून मोडून बघायचा, त्यातल्या चुका शोधायच्या, अशी त्याच्या कंपनीत कामं होती. म्हणजे खेळायचाच पगार. मला वाटलं, हा फेकतोय.

“शिक्षण काय लागतं?” मी विचारलं.

“मी स्वतः बारावी नापास आहे,” तो म्हणाला. “एक माणूस हवाय मला. उद्या चौथ्या लेव्हलवर पहिल्यापासून सुरुवात करायची. तीन तास. जो पुलाच्या पलीकडं जिवंत जाईल, त्याला परवा माझ्याबरोबर पुण्याला नेतो.”

“मग माझं नाव लिहून ठेवा,” मी म्हणालो. “इराप्पा म्हेत्रे.”

“माझंपण,” राजी म्हणाली. “राजमती चौगुले.”

मी तिच्याकडं बघितलं. मग दामल्याकडं बघितलं. “साहेब, ही पहिल्या लेव्हलला फुलं तोडते.”

“चौथ्या लेव्हलला पण फुलं तीच असत्यात,” राजी म्हणाली.

“पुलापर्यंत तरी जाशील?”

“पुलापलीकडं काय हाय ते बघायचंय मला. तू तर दर खेपेला अलीकडंच मरतोस, सांगणार कोण?”

पोपट खो खो हसला. दामले हसला नाही, त्यानं दोन्ही नावं लिहून घेतली.

रविवारी सकाळी दहाला मंडळाच्या सभागृहात नऊ कॉम्प्युटर मांडले. सहा कॅफेतले, तीन मागून आणलेले. त्यांना हार घातले. हळदकुंकू वाहिलं. पोपटनं नारळ फोडला आणि पाणी कॉम्प्युटरवर शिंपडायला निघाला. राजीनं पुढं होऊन आपल्या आणि माझ्या की-बोर्डवर ओढणी टाकली म्हणून ते वाचले. तिसऱ्याचा की-बोर्ड तिथंच बंद पडला आणि एक स्पर्धक न खेळताच बाद झाला.

प्रमुख पाहुणे अण्णा होते. ते दहाला येणार होते. साडेदहा झाले तरी पत्ता नाही. पोपटचं म्हणणं, त्यांच्या हातानं उद्घाटन झाल्याशिवाय सुरुवात कशी करायची? दामले म्हणाला, मग मी निघतो. शेवटी असं ठरलं की स्पर्धा सुरू करायची आणि उद्घाटन अण्णा आल्यावर करायचं. चालू स्पर्धेचं उद्घाटन. एवढी अक्कल आमच्याच गावात निघू शकते.

पहिल्या अर्ध्या तासात चौघं मेले. एकाला लांडग्यानं खाल्लं. एक ओढ्यात बुडाला आणि “पोहायचं बटण खराब आहे” म्हणून भांडायला लागला. तासाभरात आणखी दोघं गेले. सगळे पहिल्या लेव्हलचे शूर. मेल्यावर ते आमच्या खुर्च्यांमागं येऊन उभे राहिले आणि मला शिकवायला लागले.

“डावीकडनं जा, इऱ्या.”

“तू डावीकडनं गेलास नव्हं? लांडगा डावीकडंच आहे,” मी म्हणालो. “ज्यानं तुला खाल्ला तोच.”



सव्वा वाजता मी पुलाशी पोचलो. हातात पंधरा मिनिटं होती, ती भरपूर होती. शेजारच्या स्क्रीनवर, तिच्या स्वतःच्या गेममध्ये, राजी माझ्याच मागोमाग आली होती, मला न कळता. येताना तिनं कुणाला मारलं नव्हतं. सगळं अंतर कडेकडेनं, झाडीतनं, वाकून आली होती. पुलाच्या अलीकडं एका झुडपात बसून तिनं कढई मांडली.

“स्वयंपाक कर,” मी म्हणालो. “मी पलीकडं जाऊन जेवायला बसतो.”

“जा की,” ती म्हणाली. “रेड्याला हटव आधी.”

मी पुलावर पाय ठेवला.

आता ते कसं सांगू? मी आयुष्यात एकदाच काहीतरी नीट केलं, ते तेव्हा. अर्धा श्वास, बाजूला, घाव. अर्धा श्वास, बाजूला, घाव. दहा झाले. पंधरा झाले. सतरा झाले. अठरा. दामले आपली खुर्ची ओढून माझ्यामागं येऊन बसला. वीस. बाहेर फटाक्यांची माळ लागली. दहा हजारांची असेल, कान किटले सगळ्यांचे. त्या माळेखालूनसुद्धा मी रेड्याचा श्वास ऐकला. एकविसावा. नऊ वर्षं आठ मागांनी जो कान घडवला होता तो त्या दिवशी माझ्या कामाला आला. दामले हळूच म्हणाला, “हा ऐकून खेळतोय.” हे आजवर माझ्याबद्दल कुणी बोललेलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे.

बावीस.

आणि लाईट गेली.

सोळा वर्षं मी हेच सांगत आलोय. चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या मांडवात, शेडमध्ये माग बदलले तेव्हा नवीन कामगारांना. बावीस घाव झाले होते, तीन राहिले होते, आणि लाईट गेली. तेव्हा भारनियमन होतंच, त्यामुळं ऐकणारे मान हलवतात, वीज मंडळाला दोन शिव्या देतात. शेजारचा कॉम्प्युटर कसा चालू राहिला, असं आजवर एकानंही विचारलं नाही. लोकांना गोष्टीत आपलं नशीब दिसलं की बाकीचं दिसत नाही.

लाईट गेली नव्हती.

माळ संपली. दारातून वाजंत्री आत आली. पोपट माइकवर गेला. “आपल्या सर्वांचे आधारस्तंभ, आदरणीय अण्णा यांचं आगमन झालेलं आहे, तरी सर्वांनी उभं राहून टाळ्यांच्या गजरात स्वागत करावं.” खुर्च्या सरकल्या. सगळी टोळकी उठली. लांडग्यानं खाल्लेला उठला, बुडालेला उठला.

मी उठलो.

मला कुणी ऊठ म्हणालं नव्हतं. पोपट माझ्याकडं बघत नव्हता. दामले तर बसलेलाच होता. अण्णा अजून दारात होते, त्यांच्या गळ्यात कोणीतरी हार घालत होता. मी उठायचं ठरवलंच नव्हतं. माझे गुडघे सरळ झाले आणि मी उभा होतो. हेडफोनची वायर ताणली गेली, पण तो कानातच राहिला. त्यातून मला श्वास ऐकू आला. अर्धा. तेविसावा.

हात खाली टेबलाकडं न्यायचे होते, एवढंच. पण ते रिकामे नव्हते. मी खाली बघितलं तर दोन्ही हात जोडलेले होते.

मग कुऱ्हाड आली. स्क्रीन लाल झाली आणि काळी झाली. काळ्या काचेत मला एक माणूस दिसला, हात जोडून उभा राहिलेला. मला एकदम वाटलं, वडील इथं कसे आले?

“हे काय केलंस?” दामले म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. पुण्याच्या माणसाला कसं कळणार?

अण्णा खुर्च्यांच्या रांगेतून आले. माझ्यासमोरून गेले. अंगावरचं अत्तर आलं. मी नमस्कार केलेलाच होता, आणि ते न बघता पुढं गेले.

राजी बसलेली होती.

“ए राजी,” पोपट माइक हातानं झाकून म्हणाला, “ऊठ. अण्णा आल्यात.”

“थांब की, पोपटदादा. आता उठले तर मरंल ते.”

“अगं, पाहुणे हायत!”

“मग त्यांना सांग, दोन मिनिटं थांबा म्हणून.”

वाजंत्रीवाल्याची काठी ढोलावर अर्धवट राहिली. मला मनातून आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आता हिची जिरते, असं वाटलं. माझं जे झालं ते तिचंही व्हावं, म्हणजे बरोबरी होईल.

अण्णा थांबले. “काय चाललंय पोरीचं?”

“पूल ओलांडतीय, अण्णा,” राजी म्हणाली. मान वळवली नाही.

“बरं,” अण्णा म्हणाले. “मग ओलांडू दे की. आम्हाला कुठं घाई हाय?”

आणि तो माणूस गळ्यात हार, हातात नारळ घेऊन तिच्या खुर्चीमागं उभा राहिला. नऊ वर्षांत जो माझ्या मागापाशी अर्धं मिनिट थांबला नव्हता, तो. राजीनं कढईतला काढा पुलाच्या तोंडाशी ओतला. हिरवा धूर झाला. रेडा त्या धुरात आला, घुटमळला आणि मटकन बसला. शिंगं छातीवर आली. तिचा माणूस कठड्याला धरून, एक एक पाऊल टाकत, झोपलेल्या रेड्याच्या पायावरून पलीकडं गेला. एकही घाव नाही. घड्याळात चार मिनिटं उरली होती.

“झोपवला व्हय गं त्याला?” अण्णांनी विचारलं.

“व्हय. मुळं होती माझ्याकडं.”

अण्णा मोठ्यानं हसले आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मीपण वाजवल्या. उभा होतोच.

त्यानंतर अण्णांनी समई लावून संपलेल्या स्पर्धेचं उद्घाटन केलं. पाऊण तास भाषण केलं. तरुणांनी मैदानी खेळाकडं वळलं पाहिजे असं सांगितलं. दामल्याला शाल दिली, नारळ दिला. दामल्यानं ती शाल खुर्चीवर ठेवली आणि तो राजीजवळ जाऊन पुण्याच्या कंपनीचा पत्ता लिहून द्यायला लागला. माझ्याजवळ आला तेव्हा त्यानं माझा हात हातात घेतला.

“बावीस घाव,” तो म्हणाला. “मी कुणाला एवढे घालताना बघितलेलं नाही. पण मला पलीकडं गेलेला माणूस न्यायचाय.”

मी म्हणालो, “बरोबर आहे, साहेब.” साहेब म्हणालो. कालपर्यंत मला वाटत होतं हा फेकतोय.

राजीच्या घरून काय काय बोलले असतील ते सांगत बसत नाही. ती गेली. सोमवारी नाही, पण त्याच आठवड्यात गेली. मी शेडमध्ये राहिलो. वडील वारले. अण्णांनी जुने माग भंगारात घातले, नवीन आणले. ते ठेका धरत नाहीत, नुसते ओरडतात. माझा डावा कान गेला. उजवा जायच्या वाटेवर आहे. रेड्याचा श्वास आता मला ऐकू यायचा नाही. पोरं चौथी लेव्हल खेळतात म्हणून सांगत येतात तेव्हा मी त्यांना हसतो. अजून हसतो. ती सवय गेली नाही.

पण त्या दुपारचं एक राहिलं. भाषण झाल्यावर पोह्यांच्या बश्या आल्या. राजी पोहे घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं आधी त्यातला कांदा एका बाजूला काढायला सुरुवात केली. बशीत सगळा कांदाच होता, मग तिनं बशी खाली ठेवली.

“पलीकडं काय होतं?” मी विचारलं.

“माळ. गवताचा माळ, आणि कुणी न्हाई.” मग ती माझ्याकडं बघत म्हणाली, “इराप्पा, तू उठलास कशाला रे?”

चेष्टा नव्हती. तिला माहीत नव्हतं म्हणून ती विचारत होती. मी तिच्या जागी असतो तर आठवडाभर गावभर सांगत सुटलो असतो. तिनं नुसतं विचारलं, आणि उत्तराची वाट बघत बसली.

“लाईट गेली,” मी म्हणालो. “माझ्या मशीनची लाईट गेली.”

राजीनं माझ्या कॉम्प्युटरकडं बघितलं. हार घातलेली स्क्रीन चालू होती. तिच्यावर गेमचं पहिलं पान होतं, चार लेव्हलांची नावं एकाखाली एक. मग तिनं वर बघितलं. आमच्या दोघांच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

“हं,” ती म्हणाली, आणि बशी उचलून पाणी प्यायला निघून गेली.